आतड्याचा दाह आणि दुबळा होत जाणारा स्नायू

आतड्याच्या भिंतीत चार थर असतात. सर्वांत आत अस्तर, त्याला लागून रक्तवाहिन्यांनी भरलेला मऊ थर, मग स्नायूंचा थर आणि सर्वांत बाहेर पातळ आवरण. पचलेले अन्न शोषून घेणे, जंतूंना अडवणे ही कामे अस्तराची. दुर्बिणीतून दिसते तेही अस्तरच. त्यामुळे आतड्याच्या विकारांचा विचार करताना वैद्यकाची नजर बहुतेक वेळा तिथेच थांबली. स्नायूंचा थर मात्र भिंतीचा कणा आहे. त्याला दोन पदर असतात. आतल्या पदरातले तंतू आतड्याभोवती गोल फिरतात, बाहेरच्या पदरातले लांबीच्या दिशेने जातात. गोल तंतू आवळले की पोकळी अरुंद होते, लांबीचे तंतू आखडले की तेवढा भाग आखूड होतो. मोठ्या आतड्यात बाहेरचा पदर तीन पट्ट्यांत गोळा झालेला असतो, म्हणून त्या आतड्याला फुगीर कप्पे पडलेले दिसतात. शिवाय अस्तराच्या बुडाशी स्नायूची एक अगदी पातळ चादर असते. ती सहसा कोणाच्या हिशेबात नसते, पण या विकारात तिचेही काम आहे.

हे स्नायू माणसाच्या इच्छेने हलत नाहीत. त्यांची लय ठरवणाऱ्या पेशी स्नायूंच्या पदरांमध्ये पसरलेल्या असतात. स्पेनचे शास्त्रज्ञ सांतियागो रामोन ई काहाल यांच्या नावावरून त्यांना काहाल पेशी म्हणतात. त्यांच्यामुळे जठरात मिनिटाला सुमारे ३, लहान आतड्याच्या सुरुवातीला सुमारे १२ आणि शेवटाकडे ८ च्या आसपास विद्युत लहरी उठतात. प्रत्येक लहरीला आकुंचन होतेच असे नाही. ते होऊ द्यायचे की नाही हे दोन पदरांमधले मज्जातंतूंचे जाळे ठरवते. एकोणिसाव्या शतकात जर्मन शरीरशास्त्रज्ञ आउअरबाख यांनी हे जाळे दाखवून दिले. आतड्याच्या भिंतीतल्या चेतापेशींची संख्या १० कोटींच्या वर धरली जाते आणि मेंदूची परवानगी न घेता त्या आपले काम करू शकतात. १८९९ मध्ये लंडनमध्ये बेलिस आणि स्टार्लिंग यांनी कुत्र्यांवरच्या प्रयोगांतून हे सिद्ध केले. बाहेरून येणाऱ्या नसा तोडल्या तरी अन्नाच्या गोळ्यामागचे आतडे आवळते आणि पुढचे सैल होते. म्हणजे आवळणे आणि सैल होणे या दोन्ही गोष्टी आतड्याला जमाव्या लागतात. एकही बिघडली तर अन्न पुढे नीट सरकत नाही.

मोठ्या आतड्याच्या हालचाली दोन जातींच्या आहेत. एक जात छोट्या, जागच्या जागी होणाऱ्या आकुंचनांची. ती मळ घुसळते, थोपवून धरते आणि त्यातले पाणी शोषले जाण्याइतका वेळ मिळवून देते. दुसरी जात लांबवर धावणाऱ्या जोरकस लाटांची. या लाटा दिवसातून मोजक्याच वेळा, बहुधा सकाळी उठल्यावर आणि जेवणानंतर येतात आणि मळ गुदाशयाकडे ढकलतात. आतड्याच्या दाहाचे पुष्कळसे कोडे या दोन जातींतला फरक धरला की सुटते.

दाहाचे मुख्य विकार दोन. अल्सरेटिव्ह कोलायटिस मोठ्या आतड्यापुरता असतो. तो गुदाशयापासून सुरू होऊन सलग वर चढतो आणि अस्तरात व्रण पाडतो. सॅम्युएल विल्क्स यांनी लंडनमध्ये १८५९ साली त्याचे वर्णन केले होते. क्रोनचा विकार तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही होऊ शकतो, मधले भाग सोडून तुकड्या-तुकड्यांनी होतो आणि भिंतीच्या सगळ्या थरांत शिरतो. न्यूयॉर्कचे क्रोन, गिन्झबर्ग आणि ओपनहायमर यांनी १९३२ मध्ये तो स्वतंत्र विकार म्हणून मांडला. दोन्ही विकार शरीराच्या प्रतिकारशक्तीने स्वतःच्याच आतड्यावर केलेल्या दीर्घ हल्ल्यातून होतात. जंतू, अनुवंश, आहार, धूम्रपान यांचा त्यात कमीअधिक वाटा असतो. भारतात हे विकार नाहीतच असा समज बरीच वर्षे होता. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पंजाबमधल्या पाहणीत लाखामागे ४४ जणांना अल्सरेटिव्ह कोलायटिस आढळला आणि तो समज मोडला. आता विदर्भाच्या पूर्वेकडच्या धानपट्ट्यातला, म्हणजे झाडीपट्टीतला, एक तालुका घेऊ: गोंदिया जिल्ह्यातला सडक अर्जुनी, लाखाच्या आसपास लोकवस्तीचा. पंजाबचा दर जसाच्या तसा झाडीपट्टीला लावता येणार नाही. पण त्याच्या निम्मा धरला तरी एकट्या या तालुक्यात वीसेक रुग्ण निघतील, आणि त्यांतले बरेच जण आव, मुरडा किंवा मूळव्याधीची औषधे घेत असण्याचीच शक्यता अधिक.

पाठ्यपुस्तकांत या दोन विकारांतला फरक एका वाक्यात सांगितला जातो: कोलायटिस अस्तराचा, क्रोन सगळ्या भिंतीचा. परीक्षेत गुण मिळवायला हे वाक्य पुरते, रुग्णाला समजून घ्यायला पुरत नाही. कोलायटिसमध्ये व्रण अस्तरात असले तरी त्याखालचा स्नायू निरोगी राहत नाही. रुग्णाला जे भोगावे लागते, म्हणजे घाई, पेटके, शौच अर्धवट राहिल्याची भावना, जेवल्याबरोबर धावणे, त्यातले बरेचसे स्नायू आणि मज्जातंतू यांच्या बिघाडातून येते. आतड्याचा दाह हा स्नायूचाही विकार आहे असे धरून उपचार झाले नाहीत, तर अस्तर भरून आल्यावरही रुग्ण बरा होत नाही.

दिवसाला दहा-दहा वेळा जुलाब होतात तेव्हा आतडे फार जोरात चालले आहे असे कोणालाही वाटते, रुग्णाला आणि कित्येकदा डॉक्टरलाही. मोजमाप उलटे निघते. कोलायटिसने पछाडलेल्या आतड्यात दाबमापक नळी सोडून पाहिले असता नेहमीची, थोपवून धरणारी आकुंचने कमी झालेली आढळली. शस्त्रक्रियेत काढलेल्या आतड्याच्या स्नायूपट्ट्या प्रयोगशाळेत ताणून उत्तेजित केल्या तर त्याही निरोगी पट्ट्यांपेक्षा कमी जोर करतात. अमेरिकेतले संशोधक सुशील सरना यांनी कुत्र्यांवर केलेल्या प्रयोगांतून दुसरी बाजू दाखवली. दाह झाला की छोटी आकुंचने दबतात, पण लांबवर धावणाऱ्या जोरकस लाटा मात्र वाढतात. घुसळणे आणि थोपवणे बंद पडते, ढकलणे चालूच राहते. त्यात सुजलेले अस्तर पाणी शोषत नाही. म्हणून शौच पातळ, वारंवार आणि आवरता न येणारे होते. जुलाब हे आतड्याच्या ताकदीचे लक्षण नाही. थोपवणारा स्नायू दुबळा झाल्याचे ते लक्षण आहे. हे एकदा पटले की रक्त पडत असताना आतडे आणखी थंड करणारी गोळी देणे का धोक्याचे, हेही आपोआप कळते.

याच कारणाने आणखी एक विचित्र गोष्ट घडते. दाह फक्त गुदाशयापुरता आणि त्याच्या वरच्या थोड्या भागापुरता असेल तर खालचा भाग सतत रिकामा होऊ पाहतो आणि वरच्या, निरोगी भागात मळ साचतो. रुग्ण दिवसातून आठ वेळा जातो, पडते ते रक्त आणि चिकट स्राव, आणि पोट मात्र बद्धकोष्ठाने फुगलेले. अशा रुग्णाला जुलाब थांबवण्याचे औषध दिले की त्रास वाढतो.

स्नायू दुबळा का होतो, याचे उत्तर पेशीच्या आत आहे. गुळगुळीत स्नायूची पेशी आकुंचन पावते ती कॅल्शियम आत आल्यामुळे. पेशीच्या आवरणातल्या वाहिन्या उघडतात, कॅल्शियम आत शिरते, एक प्रथिन त्याला पकडते आणि अॅक्टिन व मायोसिनचे धागे एकमेकांवर सरकतात. दाह झालेल्या भिंतीत प्रतिकारशक्तीच्या पेशी टीएनएफ, इंटरल्युकिन-१ अशी रसायने ओततात, त्यांना सायटोकाईन म्हणतात. ही रसायने स्नायूपेशीच्या जनुकांपर्यंत पोहोचतात. कॅल्शियमच्या वाहिन्यांतून येणारा प्रवाह त्यांच्यामुळे घटतो आणि मायोसिनला चालू स्थितीत ठेवणारे सीपीआय-१७ हे प्रथिनही कमी बनते. त्यात दाहातून निर्माण होणारा नायट्रिक ऑक्साइड स्नायूला सैल ठेवतो. पेशी मेलेली नसते. आवळण्याचा हुकूम येतो, पण तो पाळण्याची साधने उरत नाहीत.

दाहाची जात बदलली की परिणामही बदलतो. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात स्टीफन कॉलिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांना ट्रिकिनेला नावाच्या जंताची बाधा करून पाहिली. जंतांविरुद्ध उठणाऱ्या प्रतिकारशक्तीच्या शाखेने, म्हणजे इंटरल्युकिन-४ आणि १३ यांनी, आतड्याचा स्नायू नेहमीपेक्षा जोरात आवळू लागला. जंताला बाहेर ढकलण्यासाठी शरीराची ही युक्ती असावी. क्रोनच्या विकारात जी शाखा जागी असते ती मात्र स्नायूला ढिला करते. कोलायटिसमध्ये या शाखांचे मिश्रण असते आणि त्याचा हिशेब अजून पूर्ण लागलेला नाही. तरी एवढे खरे की प्रतिकारशक्ती आणि स्नायू यांच्यात थेट बोलणे चालते. आतडे हालचाल ठरवते ती समोर कोणता शत्रू आहे हे पाहून.

स्नायूला हुकूम देणारी यंत्रणाही शाबूत राहत नाही. दोन्ही विकारांत काहाल पेशी विरळ झालेल्या आढळतात. मज्जातंतूंच्या जाळ्यात दाहाच्या पेशी शिरतात, चेतापेशी मरतात, उरलेल्यांच्या संदेशवाहक रसायनांचे प्रमाण बिघडते. क्रोनच्या रुग्णांत आतड्याचा तुकडा कापून काढल्यावर कापलेल्या टोकाच्या जाळ्यात असा दाह दिसला, तर विकार परत येण्याची शक्यता वाढते असे बेल्जियममधल्या संशोधकांनी २००६ मध्ये दाखवले. डोळ्याला निरोगी दिसणाऱ्या टोकातही बिघाड दडलेला असतो, असा त्याचा अर्थ.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो साधा नाही. स्नायूचा बिघाड हा दाहाचा परिणाम आहे, तेव्हा दाह विझवा, स्नायू आपोआप सावरेल, त्याचा वेगळा विचार कशाला? प्रयोगशाळेतल्या प्राण्यांत अल्पकाळचा दाह उतरल्यावर स्नायूची ताकद काही आठवड्यांत परत येते, हेही खरे. म्हणून दाह लवकर आणि पुरता विझवणे हा उपचाराचा पाया आहे, यात वाद नाही. पण माणसाचा विकार वर्षानुवर्षे चालतो आणि मज्जातंतू मेले की तेवढ्या सहज परत उगवत नाहीत. २०१२ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा दाह शमलेल्या रुग्णांतही साधारण तिघांत एकाला पेटके, घाई, फुगारा हे त्रास चालूच असल्याचे दिसले. त्यातल्या काहींच्या आतड्यात सूक्ष्म दाह उरलेला असेल, काहींचा त्रास मनाच्या ताणाशी जोडलेला असेल. पण सगळ्यांना ‘तपासण्या ठीक आहेत, आता डोक्यातून काढा’ असे सांगून घरी पाठवणे म्हणजे स्नायू आणि मज्जातंतू मोजायचेच नाहीत असे आधी ठरवून निकाल देणे होय.

क्रोनच्या विकारात स्नायू दुबळा होतो आणि त्याच वेळी वाढतोही. दाह भिंतीच्या आरपार गेल्याने स्नायूपेशी फुगतात, त्यांची संख्या वाढते. शिवाय त्या आपला धंदा बदलतात: आवळण्याचे काम कमी करून कोलॅजेनचे धागे विणू लागतात. अस्तराच्या बुडाशी असलेली पातळ चादर जाड होऊन मधल्या मऊ थरात पसरते. भिंत कडक होते, पोकळी अरुंद होते. आतड्याच्या अशा चिंचोळ्या जागेला स्ट्रिक्चर म्हणतात. ही चिंचोळी जागा म्हणजे केवळ भरलेल्या जखमेचा वण, अशी समजूत होती. २०१७ मध्ये कापून काढलेल्या अशा तुकड्यांची सूक्ष्मदर्शकाखाली मोजणी झाली, तेव्हा सर्वांत ठळक बदल कोलॅजेनचा नसून स्नायू वाढल्याचा निघाला. दाह कमी करणारी औषधे हे वाढलेले मांस वितळवत नाहीत, आणि असा वण विरघळवणारे मान्यताप्राप्त औषध अजून नाही. उरतात ते फुग्याने रुंद करणे आणि शस्त्रक्रिया.

अरुंद जागेच्या वरचे आतडे आधी नेट लावते. त्याचा स्नायू जाड होतो, जेवणानंतर तासाभराने पोटात गोळा उठतो, गुडगुड ऐकू येते, ओकारी झाली की बरे वाटते. मग तो थकतो, आतडे रुंदावते आणि अन्न साचून कुजते. अशा रुग्णाने तंतुमय पदार्थ टाळावे लागतात. झाडीपट्टीत आवडीने खाल्ले जाणारे बांबूचे कोवळे वास्ते, बियांसकट बोरे, चिवट पालेभाज्या यांनी अरुंद आतडे एका जेवणात तुंबू शकते. मऊ शिजवलेला भात मात्र चालतो. 

सडक अर्जुनीसारख्या ठिकाणी क्रोनच्या विकारापुढचा खरा पेच निदानाचा आहे. आतड्याचा क्षय लहान आणि मोठ्या आतड्याच्या सांध्यावर बसतो, क्रोनही तिथेच बसतो. वजन उतरणे, ताप, उजवीकडे दुखणे, अरुंद आतडे हे सगळे दोन्हींत सारखे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी १९९९ मध्ये दुर्बिणीतून घेतलेल्या तुकड्यांवरून फरक कसा ओळखावा हे दाखवले. क्षयाच्या गाठी मोठ्या असतात आणि एकमेकींत मिसळलेल्या असतात. पण पुष्कळदा तुकडा निर्णय देत नाही. मग क्षयाची औषधे सुरू करून पाहावे लागते. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात पुन्हा दुर्बीण घातली की क्षयाचे व्रण भरत आलेले दिसतात, क्रोनचे दिसत नाहीत.

अडचण या दुसऱ्या दुर्बिणीची आहे. गोळ्या गावात मिळतात, दुर्बीण नाही. सडक अर्जुनी राष्ट्रीय महामार्ग ५३ वर आहे. जवळच्या कोहमाऱ्याहून गोरेगावमार्गे गोंदिया गाठता येते, तिथे २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. पोटविकाराच्या खास तज्ज्ञासाठी साकोली-भंडाऱ्याच्या वाटेने शंभरहून अधिक किलोमीटरवरचे नागपूर. धानाच्या रोवणीच्या दिवसांत मजुरी बुडवून, तास-तास शौचाची भीती बाळगत एसटीत बसून दुसऱ्यांदा जायला रुग्ण तयार होत नाही. सहा महिन्यांचा क्षयाचा कोर्स पुरा होतो, भूक थोडी सुधारते, आणि त्या सहा महिन्यांत क्रोनचा स्नायू जाड होत राहतो. उलट बाजूही ध्यानात ठेवली पाहिजे. क्षय पूर्ण बरा झाल्यावरही अरुंद झालेली जागा बऱ्याच रुग्णांत तशीच राहते. जंतू गेले म्हणजे पोकळी मोकळी झाली असे नाही. अशा रुग्णाला पुन्हा क्षयाचीच औषधे देणे व्यर्थ आहे, त्याला सर्जन हवा. आणि विदर्भाच्या या पट्ट्यात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक विकारही मुळे धरून आहे. त्याच्या झटक्यातही पोट दुखते, म्हणून तरुण रुग्णाच्या पोटदुखीचा विचार एकाच दिशेने धावू देता कामा नये.

कोलायटिसमध्ये स्नायूचा सर्वांत भयंकर पराभव होतो तो मेगाकोलनमध्ये. दाह अस्तर ओलांडून स्नायूत शिरतो, नायट्रिक ऑक्साइडचा पूर येतो, आणि मोठे आतडे आवळण्याची ताकद गमावून फुगत जाते. पोटाच्या साध्या एक्स-रेत आडवे आतडे ६ सेंटिमीटरहून रुंद दिसले, आणि जोडीला ताप, जलद नाडी, वाढलेल्या पांढऱ्या पेशी, रक्तक्षय असेल तर निदान पक्के होते. हे निकष १९६९ मध्ये के. एन. जालान आणि त्यांच्या एडिंबरामधल्या सहकाऱ्यांनी ५५ रुग्णांच्या अनुभवावरून बांधले. आतडे फुटले तर जीव वाचवणे कठीण. फसवणूक अशी की आतडे लुळे पडल्यावर जुलाबांची संख्या कमी होते. घरच्यांना वाटते, औषध लागू पडले.

हा पराभव अनेकदा माणसाच्या हाताने घडवला जातो. लोपरामाईडसारखी गोळी मज्जातंतूंच्या जाळ्यावर अफूसारखे काम करून आकुंचने थांबवते. विकार सौम्य असताना, तज्ज्ञाच्या देखरेखीखाली तिचा उपयोग होतो, तिला सरसकट विष ठरवण्याचे कारण नाही. पण रक्त, ताप आणि फुगलेले पोट असताना ती दिली तर आधीच ढिला झालेला स्नायू आणखी लुळा पडतो. पोटातल्या पेटक्यांसाठी दुकानातून सहज मिळणारी मेफेनॅमिक आम्ल आणि डायसायक्लोमिन यांची जोडगोळी तर दुहेरी घातक आहे. डायसायक्लोमिन स्नायूला सैल करते, आणि मेफेनॅमिक आम्लाच्या जातीच्या वेदनाशामकांनी दाह पुन्हा भडकू शकतो. जुलाबांतून आणि स्टेरॉइडमुळे शरीरातले पोटॅशियम घटते, पोटॅशियम घटले की स्नायू आणखी थंडावतो. त्यामुळे सलाईन लावताना त्यात पोटॅशियम आहे की नाही, हा प्रश्न इथे जीवनमरणाचा असतो.

विकार गंभीर आहे हे ओळखायला मोठी यंत्रे लागत नाहीत. ऑक्सफर्डच्या ट्रुलव्ह आणि विट्स यांनी १९५५ मध्ये दिलेली कसोटी आजही वापरात आहे: दिवसाला सहा किंवा अधिक रक्ताचे शौच, आणि त्याबरोबर ९० हून जास्त नाडी, ३७.८ अंश सेल्सिअसहून जास्त ताप किंवा १०.५ ग्रॅमहून कमी हिमोग्लोबिन यांपैकी काहीही. घड्याळ, थर्मामीटर आणि हिमोग्लोबिनची तपासणी एवढ्यावर तालुक्याचा डॉक्टर रुग्णाला पुढे पाठवण्याचा निर्णय घेऊ शकतो. सहा आठवड्यांहून अधिक काळ रक्ताची आव पडत असेल तर अमिबावरच्या मेट्रोनिडाझोलचा तिसरा कोर्स लिहिण्याआधी हाच निर्णय घ्यायला हवा. अमिबाची आव एवढे दिवस औषधाला दाद न देता टिकत नाही.

जुनाट कोलायटिसमध्ये मोठ्या आतड्याचे फुगीर कप्पे नाहीसे होतात. ते आखूड, गुळगुळीत आणि ताठ दिसू लागते. क्ष-किरणतज्ज्ञ त्याला ‘शिशाची नळी’ म्हणतात. यामागे अस्तराच्या बुडाशी असलेली स्नायूची तीच पातळ चादर आहे. ती जाड होऊन कायमची आखडते आणि सगळी भिंत आत ओढते. गुदाशयाचे झालेले नुकसान रुग्णाला सर्वांत जास्त छळते. निरोगी गुदाशय मळ आला की सैल होतो, जागा करून देतो आणि माणसाला सोयीची वेळ निवडू देतो. कडक झालेला गुदाशय थोड्याशा मळानेही ताणला जातो, त्यातल्या संवेदी नसाही जास्त हळव्या झालेल्या असतात. म्हणून पोटात काही नसतानाही जोराची कळ येते आणि दोन मिनिटांचा उशीर परवडत नाही. चिखलात वाकून दिवसभर रोवणी करणाऱ्या बाईला ही दोन मिनिटे कुठून मिळणार? बांधावर आडोसा नसतो, म्हणून ती सकाळपासून खाणेपिणेच सोडते. रक्तक्षयात उपासाची भर पडते. शहरातला रुग्ण हाच त्रास कार्यालयाच्या स्वच्छतागृहाच्या अंतरावरून मोजतो. स्नायूचा बिघाड दोघांचा सारखा आहे, त्याची किंमत मात्र सारखी नाही.

औषधांकडे या नजरेने पाहिले तर त्यांच्या मर्यादा दिसतात. मेसालामाईन, स्टेरॉइड, अझाथायोप्रिन आणि टीएनएफला बांधून ठेवणारी जैविक औषधे दाहावर काम करतात. स्नायूवर त्यांचा परिणाम होतो तो दाह कमी झाल्यामुळेच. यातले इन्फ्लिक्झिमॅब १९९८ पासून क्रोनसाठी वापरात आले. टीएनएफ हीच स्नायूची कॅल्शियमवाट अडवणारी वस्तू असल्याने त्याचा फायदा स्नायूलाही मिळायला हवा असे मानायला जागा आहे. पण ते महाग आहे आणि सुप्त क्षय जागा करू शकते. क्षयाने ग्रासलेल्या भागात ते देण्याआधी छातीचा एक्स-रे आणि क्षयाची चाचणी केल्यावाचून गत्यंतर नाही. दाह शमल्यावर उरलेल्या त्रासासाठी आहार, ठराविक वेळी शौचाची सवय, गुदद्वाराच्या स्नायूंचे व्यायाम आणि दुखण्याची जाणीव कमी करणारी अल्प मात्रेतली औषधे असा वेगळा उपचार लागतो. तो लिहून द्यायला डॉक्टरने आधी स्नायूचे अस्तित्व मान्य करावे लागते.

स्नायूचा थर पाहण्याचे सर्वांत स्वस्त साधन सोनोग्राफी आहे. निरोगी आतड्याची भिंत ३ मिलिमीटरहून पातळ असते. त्याहून जाड भिंत, पुसट झालेले थर, न हलणारे आतडे आणि त्यावरचा फुगलेला भाग हे सगळे दुर्बीण न घालता, रिकाम्या पोटी दहा मिनिटांत दिसते, आणि दर तीन महिन्यांनी पुन्हा पाहता येते. १९९४ च्या गर्भलिंगनिदानविरोधी कायद्यामुळे प्रत्येक सोनोग्राफी यंत्राची नोंद आणि जागा सरकारदरबारी बांधलेली आहे, त्यामुळे ते सहजासहजी गावोगाव फिरवता येत नाही. पण जिथे ते गरोदर बायकांसाठी आधीच बसलेले आहे, तिथे ते चालवणाऱ्याला आतडे पाहायला शिकवणे अवघड नाही. भिंत अशी पाहता येत असली तरी या विकारांच्या तज्ज्ञांनी २०२१ मध्ये जगभरासाठी उपचाराची जी उद्दिष्टे ठरवली, त्यांत अस्तर भरून येणे हे मुख्य आहे. भिंतीच्या सगळ्या थरांचे भरून येणे त्यांनी चांगले म्हटले, पण औपचारिक उद्दिष्टांत घेतले नाही. स्नायू किती जोराने आवळतो, याचा तर त्या यादीत उल्लेखही नाही.